उन्हानं चालू झालेली गाडी

गाडीच्या बॅटरीबद्दल मी आयुष्यात इतक्या लोकांना इतकं ऐकवलंय की पोरं मला मागून ‘बॅटरी गुर्जी’ म्हणायची. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पाणी कुठलं घालायचं, किती घालायचं, हिवाळ्यात काय जपायचं — कुणी विचारो न विचारो, मी सांगत सुटायचो. फक्त एका सकाळचं तेवढं कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हाही दुसरंच काहीतरी बोललो. तुम्ही अनोळखी आहात म्हणून तुमच्यापाशी बोलतोय का? असेल तसंच. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघून हे बोलता येत नाही. मी करून पाहिलंय.

आम्ही दोघं नवराबायको शिक्षक. भीमपूरच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे, एका लहान गावात मराठी शाळेवर होतो. तेव्हा आम्ही आंध्रात. वरून येणारे कागद तेलुगूत, गावातलं बोलणं मराठी, आणि आदिलाबादच्या बाजारात गेलं की हिंदी. शाळेच्या मागेच आमचं घर. दोन पगार घरात येत होते, मुलगी एकच, आणि मला लहानपणापासून मोटारीचं वेड. शेवटी निजामाबादच्या एका डॉक्टरांनी वापरून विकायला काढलेली जुनी गाडी मी घेतली. फिकट हिरव्या रंगाची. गावात ट्रॅक्टरसुद्धा नव्हता तेव्हा. बायको म्हणाली, शाळा घराला चिकटलेली, ही गाडी घेऊन तुम्ही जाणार कुठे? बरोबरच होतं तिचं.

आमच्याकडची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. तेलंगण म्हटलं की लोकांना नुसतं ऊन आठवतं. पण पौष-माघात सकाळी अंगणातल्या बादलीत हात घालवत नाही. पहिल्या हिवाळ्यात माझ्या गाडीनं मान टाकली. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’ वाजे आणि शांत. मग गाव धावून येई. शाळेपुढचा रस्ता नाल्याकडे उतरत जातो. त्या उतारावर चार-सहा जणांनी मागून रेटायचं, मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून बसायचं, वेग आला की क्लच सोडायचा — गाडी एक हिसका देई, फुरफुरे, आणि चालू. मग सगळे टाळ्या पिटत. हे इतकं अंगवळणी पडलं की मी किल्ली हातात घेऊन घराबाहेर आलो की शेजारपाजारचे अंगावरचं पांघरूण टाकून आपणहून येत.

यात सगळ्यांत पुढे नामदेव. माझ्या घरासमोरचं घर त्याचं, कापसाची शेती. वयानं माझ्याएवढाच, पण मला ‘तुमी’ आणि ‘गुर्जी’ म्हणायचा, आणि मी त्याला अरेतुरे करायचो. याचं मला कधी काही वाटलं नाही — तेव्हा. गाडीला धक्का मारताना तो पायातल्या वहाणा काढून ठेवायचा. पाय घट्ट रोवतो म्हणायचा.

तर ज्यांनी ज्यांनी त्या गाडीला हात लावला होता, त्या सगळ्यांची ती थोडी थोडी झाली होती. कुणाचा म्हातारा पडला, कुणाला विंचू चावला, की माणूस सरळ माझ्या दारात. मागायला आल्यासारखं कुणी येत नसे, सांगायला आल्यासारखं येई. मी जायचो. सुरुवातीला छाती फुगवून जायचो. नंतर नंतर — कसं सांगू — मला त्याचा कंटाळा येऊ लागला. मागच्या सीटवर चिखल, ओकारीचा वास, विडीचं भोक. गाडी माझी की गावाची, असं मी बायकोजवळ करवादायचो.

दुसऱ्या हिवाळ्याच्या आधी मी आदिलाबादला एका बॅटरीवाल्याकडे गेलो. त्यानं सांगितलं, गाडीच्या वायरिंगमध्ये कुठेतरी करंट झिरपतो, गाडी उभी असली तरी बॅटरी रात्रभर उतरत राहते. वायरिंग सगळं बदला, नाहीतर रोज संध्याकाळी बॅटरीची काळी वायर काढून बाजूला ठेवा, सकाळी जोडा. शिवाय दर महिन्याला पाणी बघा, साधं नाही, बाटलीतलं शुद्ध पाणी. वायरी जिथे जोडतात तिथे पांढरं पीठ साचतं, ते गरम पाण्यानं धुऊन वर वॅसलीन लावा. मी सगळं अक्षरशः पाळलं. रोज संध्याकाळी बायको आतून पाना आणून द्यायची, मी बॉनेट उघडून काळी वायर काढायचो. आणि गाडी कडक थंडीतही पहिल्या किल्लीला चालू होऊ लागली.

हे मी गावाला सांगितलं नाही. पाणी आणि वॅसलीन सांगितलं, वर्गातही सांगितलं. वायरीचं तेवढं ठेवून दिलं. का? मुद्दाम नव्हे असं म्हणायचो मी मनाशी. पण लोक अजून समजत होते की गुरुजींच्या गाडीचा हिवाळ्यात भरवसा नाही — आणि भरवसा नसलेली गाडी लोक जरा कमी मागतात. ते मला सोयीचं होतं. गाडी मी उतारावरच उभी करत राहिलो.

मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही, कळतंय मला. येतो.

नामदेवाची थोरली सुशीला. माझ्याच हाताखाली शिकलेली, हिशेबात हुशार, उत्तर आलं की हात वर न करता सरळ उभी राहणारी. किनवटच्या बाजूला दिली होती तिला. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. माघाचे दिवस. उजाडता उजाडता नामदेव माझ्या दारात आला. वहाणा पायात नव्हत्याच.

“गुर्जी, पोरीले लय तकलीफ होऊन राह्यली. दायी म्हन्ते माह्यानं होत नाई, आदिलाबादले न्या लागते.”

मी स्वेटर चढवला, किल्ली घेतली, बाहेर आलो. गाडीत बसून किल्ली फिरवली. काहीच नाही. टक् सुद्धा नाही. मी खिडकीतून म्हणालो, बॅटरी उतरली वाटतं.

इथपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो. हे मला फार महत्त्वाचं वाटत आलंय — इतकी वर्षं मी याच जागेवर थांबत आलोय. घाई होती, झोप डोळ्यांवर होती, काळी वायर आदल्या संध्याकाळी काढून ठेवली आहे हे मी विसरलो. होतं माणसाचं. दुपारी आठवलं, तोवर उशीर झाला होता. ही गोष्ट मी स्वतःला अशीच सांगायचो. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली की कधी कधी मलाच खरी वाटायची.

पण तसं झालं नाही. नामदेव म्हणाला, “वायर-गियर पाहून घेता का एकडाव?” आणि मी उतरलो, बॉनेट उघडलं. काळी वायर बॅटरीच्या शेजारी पडलेली होती. मी ती पाहिली. मला आठवलं. पाना आणायला घरात जायचं, वायर बसवायची, आवळायची — किती वेळ लागणार होता? नामदेव माझ्या मागे उभा होता, त्याला यातलं काही कळत नव्हतं. मी दोन्ही हात आत घातले. वायरीला बोट लावलं. पलीकडची दुसरी वायर उगाच हलवून पाहिली. मग बॉनेट लावलं आणि म्हणालो, पूर्ण उतरली आहे.

का?

त्या दिवशी दुपारी माझ्या वंदनाला बघायला यवतमाळकडची माणसं येणार होती. बसनं सडकेपर्यंत येणार आणि तिथून मी त्यांना गाडीनं घरी आणणार, असं मी पत्रात ऐटीत लिहिलं होतं. बायकोनं महिनाभर बसून सीटला पांढऱ्या खोळी शिवल्या होत्या. आदल्या दिवशीच त्या चढवल्या. बॉनेटखाली डोकं असताना माझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते सांगतो — सुशीला नाही आली. मागची सीट आली. बाळंतपणाला अडलेली बाई त्या सीटवर, आणि दुपारी त्याच सीटवर मुलाची आई. एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्यापाशी नाही. शोधलं बरंच, सापडलं नाही.

मनात असंही आलं की पहिलटकरणीला वेळ लागतोच, बैलगाडी सडकेपर्यंत जाईल, तिथून बस मिळेल. आलं होतं मनात. पण ते खोळींच्या नंतर आलं.

मी बॅटरी उतरली म्हटल्याबरोबर गाव जमलं. ते तर जमणारच होतं — बॅटरी उतरली म्हणजे काय करायचं हे त्यांना माझ्याइतकंच पाठ होतं. मी गाडीत बसलो. दुसरा गिअर टाकला, क्लच दाबला. ते ढकलू लागले. आरशात नामदेवाचं तोंड दिसत होतं, गाडीच्या काचेला जवळजवळ टेकलेलं, गालाची हाडं वर आलेली. काळी वायर काढली की इंजिनाला ठिणगीच मिळत नाही, मग कितीही ढकला. हे मला माहीत होतं. तरी मी वेग आल्यावर क्लच सोडला. गाडीनं हिसका दिला, माणसं मागे एकमेकांवर आदळली, गाडी थांबली. पुन्हा ढकला, म्हणाले. मी पुन्हा क्लच दाबला. नाल्यापर्यंत गेलो आम्ही असे. तिथे उतार संपतो. सगळे गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले, आणि मी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. नाटक होतं ते? बहुतेक नाटकच होतं. पण डोळ्यांत पाणी खरं आलं होतं, त्याचं काय करायचं मला कळत नाही.

“जाऊ द्या गुर्जी,” नामदेव म्हणाला. “बॅटरीच उतरली तं तुमी तरी काय करसान.” आणि तो बैल जुंपायला पळाला. ढकलण्यात जेवढा वेळ गेला तेवढाही त्याचा मी खाल्ला, हे नंतर लक्षात आलं. मी नुसतं ‘नाही नेत’ म्हटलं असतं तर तो लगेच निघाला असता.

त्यांनी गाडी ढकलत घरापाशी परत आणून दिली. तेही मी करू दिलं.

ऊन चढल्यावर मी पाना घेतला आणि काळी वायर जोडली. बायको ओसरीवर वंदनाच्या साडीला इस्त्री करत होती. तिनं मान वर करून माझ्या हातातल्या पान्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. रोज संध्याकाळी तोच पाना ती मला आणून देत होती. तिला काय कळलं, किती कळलं, मी कधी विचारलं नाही आणि ती कधी बोलली नाही. त्यानंतर आमचा संसार खूप वर्षं चालला, चांगला चालला. पण संध्याकाळी पाना मी स्वतःच आणायला लागलो.

पाहुणे वेळेवर उतरले. मुलगा, त्याचे आईवडील. मुलाची आई सीटवर बसताना म्हणाली, किती स्वच्छ ठेवलीय हो गाडी. मला तेव्हा बरं वाटलं. हे सांगायची लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

परतताना अर्ध्या वाटेवर पुढे नामदेवाची बैलगाडी दिसली, गावाकडेच चाललेली. गाडीत सुशीला नव्हती, तिची आईही नव्हती. नामदेव एकटा, बैल त्याचा भाऊ हाकत होता. नामदेवाच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि त्यावर त्यानं आपल्या धोतराचं टोक पांघरलं होतं. वाट अरुंद. त्याच्या भावानं बैल बाजूला घेतले, माझ्या गाडीला जागा करून द्यायला. मी शेजारी येऊन थांबलो. उतरलो नाही — काच खाली केली फक्त.

सुशीला बैलगाडीतच बाळंत झाली होती, सडक यायच्या आधी. मुलगी झाली. थंडीत, उघड्यावर. सुशीलाला आणि तिच्या आईला एका ट्रकवाल्यानं आदिलाबादला नेलं होतं. सुशीला वाचेल म्हणत होते. बाळ घेऊन नामदेव परत चालला होता, पुरायला. हे सगळं त्याच्या भावानं सांगितलं. नामदेव माझ्या गाडीकडे बघत होता. इंजिन चालू होतं ना, त्याकडे.

“झाली का चालू?” तो म्हणाला. आणि मी काही बोलायच्या आत तोच पुढे म्हणाला, “उनानं झाली असन. उन लागलं का होते ते.”

त्यानं हे पहिल्या हिवाळ्यात पाहिलं होतं. सकाळी न लागणारी गाडी दुपारी उन्हानं तापून चालू होते, हे मीच त्याला समजावून सांगितलं होतं — बॅटरी थंडीत गारठते, उन्हात जरा जिवंत होते. खोटं मला बोलावंच लागलं नाही. त्यानं ते माझ्यासाठी केलं, मांडीवर ती नात घेऊन. मग त्याला मागे बसलेले पाहुणे दिसले आणि तो म्हणाला, चाला तुमी, लोक खोळंबले. मी निघालो. मागून मुलाच्या वडिलांनी विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, गावातले आहेत.

वंदनाचं तिथेच जमलं. ती सुखात आहे, नातवंडं मोठी झाली आहेत, जावई सोन्यासारखा. एखाद्या सणाला सगळे जमतात, हसतात, आणि कुणीतरी ती आठवण काढतंच — त्या पांढऱ्या खोळींची. मी उठून पाणी प्यायला जातो. मुलीला हे सांगितलं तर तिच्या सुखात काय शिल्लक राहील? म्हणून सांगितलं नाही, असं म्हणतो मी. पण ते तिच्यासाठी म्हणतो की माझ्यासाठी, याची मला खात्री नाही.

सुशीला महिन्याभरानं उठली. पुढे तिला मुलं झाली, दोन. आणि नामदेवानं त्या माघापासून एक नवीन काम अंगावर घेतलं. सूर्य मावळला की तो कापसाचं एक रिकामं पोतं घेऊन यायचा, त्यावर जुनी वाकळ, आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर नीट पसरून चारी बाजूंनी दगड ठेवायचा. बॅटरी गारठू नये म्हणून. मी म्हटलं, नामदेव, कशाला, मी घालत जाईन. तर म्हणाला, तुमाले शाळेचं काम असते. आणि मग, दगड ठेवता ठेवता, “माह्यावाली तं गेली. दुसऱ्या कोनाची जाऊ नये, गुर्जी.”

दर हिवाळ्यात. मी खिडकीतून बघायचो. तो गेला की बाहेर येऊन दगड बाजूला करायचो, पोतं उचलायचो, काळी वायर काढायचो, पुन्हा पोतं पसरायचो, दगड होते तिथे ठेवायचो. एकदाही मी त्याला म्हटलं नाही की नामदेव, पोत्याची गरज नाही, एक वायर आहे. ते सांगितलं असतं तर तो विचारात पडला असता. तो काही खुळा नव्हता. म्हणून मी त्याला त्या थंडीत रोज यायला लावलं, गाडी विकेपर्यंत.

त्या काळात गाडी मागायला कुणी आलं की मी कधी नाही म्हटलं नाही, कुठल्याही वेळेला, कुठल्याही माणसाला. सीटवर खोळी पुन्हा घातल्या नाहीत. हे मी जमेच्या बाजूला मांडत नाही. मांडून पाहिलं होतं पूर्वी, जुळत नाही.

नामदेव मागच्या वर्षी गेला. मी निवृत्तीनंतर आदिलाबादला राहायला आलो होतो, तेरवीला गावी गेलो. एकदा ठरवून गेलो होतो त्याच्याकडे, तो अंथरुणावर होता तेव्हा, सांगायचं म्हणून. तासभर बसलो. कापसाच्या भावाबद्दल बोललो. मग बस चुकेल म्हणून उठलो.

तेरवीच्या पंगती उठल्यावर सुशीला माझ्याजवळ येऊन बसली. केस पांढरे झालेत तिचे आता. नातीला मांडीवर घेतलं होतं तिनं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग एकदम म्हणाली, “गुर्जी, एक सांगू का? बाबा नेहमी म्हनत, त्या दिशी गाडी नाई लागली याचा गुर्जीले लय घोर हाय, म्हनून ते कोनालेबी नाई म्हनत नाई. मले वाटे तुमाले सांगाव. तुमी मनाले लावून नका घेऊ. बॅटरी उतरली त्याले तुमी काय करसान.”

तिच्या मांडीवरची पोर माझ्या चष्म्याकडे हात करत होती. मी सुशीलाकडे पाहिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती वाट बघत होती — मला हलकं वाटावं म्हणून.

मी म्हणालो, “नाही घेत आता.” तिनं माझ्या पायाला हात लावला, पोरीचंही डोकं टेकवलं, आणि मी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला.